रात्री दोनचा भुंकणारा खोकला आणि दोन हजारांचं खोकं: घरगुती नेब्युलायझरचं परीक्षण

मूल संध्याकाळपर्यंत नाक गळत का होईना, खेळत असतं. रात्री एक-दोनच्या सुमारास झोपेतून दचकून उठतं आणि कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसं खोकायला लागतं. आवाज घोगरा, रडणं फाटलेलं आणि श्वास आत ओढताना घशातून शिट्टीसारखा कर्कश सूर. ती रात्र कशीबशी सरते आणि दुसऱ्या दिवशी घरात एक खोकं येतं. त्यात बहुधा तीनपैकी एक वस्तू असते: तीन-चारशे रुपयांचं वाफेचं भांडं, दीड-दोन हजारांचा कॉम्प्रेसर नेब्युलायझर (द्रव औषधाचं धुकं करणारं यंत्र) किंवा साधारण तेवढ्याच किमतीचा, खोलीतली हवा दमट करणारा ह्युमिडिफायर.

हे परीक्षण मुख्यतः नेब्युलायझरचं आहे. बाकीच्या दोन वस्तू ओघात येतील. तपासणी एकाच कामासाठी केली आहे: सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला होणारा क्रूप, म्हणजे स्वरयंत्र आणि त्याच्या लगतच्या श्वासनलिकेचा अचानक उठणारा दाह. बाळदम्याच्या मुलासाठी हेच यंत्र तपासलं असतं तर निकाल बराच वेगळा लागला असता. गोंधळ नेमका इथेच होतो. यंत्र विकणारा दोन्हीला ‘खोकला’च म्हणतो.

वस्तू पारखायची तर आधी सूज कुठे येते ते बघायला हवं. स्वरतंतूंच्या लगेच खाली क्रिकॉइड नावाची कूर्चेची कडी असते. श्वासनलिकेच्या बाकीच्या कड्या मागून उघड्या, घोड्याच्या नालेसारख्या. ही एकटीच पूर्ण गोल, बांगडीसारखी. तिच्या आतलं अस्तर सैल असतं, त्यामुळे पाणी धरून ते पटकन फुगतं. आणि बाहेर कडक बांगडी असल्यामुळे फुगायला जागा आतल्याच बाजूला मिळते. तान्ह्या मुलात इथली वाट साधारण ४ मिलिमीटर रुंद असते. चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली की उरली २ मिलिमीटर. रुंदी निम्मी झाली तरी हवेसाठी उरलेली जागा मात्र पाव भागच राहते, आणि श्वास ओढताना होणारा अडथळा हिशेबाने सोळापट वाढतो. मोठ्या माणसाची वाट ८ मिलिमीटर धरली, तर तेवढ्याच सुजेने अडथळा जेमतेम तिपटीवर जातो. एकाच घरात एकच विषाणू फिरत असताना बाबांचा फक्त घसा बसतो आणि दीड वर्षाच्या मुलाला कॅज्युअल्टीत न्यावं लागतं, ते या मिलिमीटरच्या हिशेबामुळे.

विषाणू बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झाचा असतो, त्यातही पहिला प्रकार सगळ्यात जास्त. मग दुसरा आणि तिसरा. आरएसव्ही, फ्लू, अ‍ॅडिनो, ऱ्हायनो, मेटान्यूमो हेही करतात. कोविडच्या ओमायक्रॉन लाटेतही क्रूपची मुलं दिसली. गोवरातही तो होतो. विषाणू नाका-घशात रुजतो, एक-दोन दिवस साधी सर्दी आणि बारीक ताप. मग दाह खाली सरकतो. स्वरतंतू सुजले की आवाज बसतो, त्यांच्या खालची जागा सुजली की खोकल्याला तो भुंकण्याचा नाद येतो, आणि वाट आणखी अरुंद झाली की श्वास घेताना शिट्टी. क्रम बहुधा हाच. रात्री सगळं बळावतं, त्याचं एक कारण म्हणजे शरीरातलं स्वतःचं, सूज आवरणारं स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं. बहुतेक मुलं दोन-तीन दिवसांत सुधारतात. पहिल्या दोन रात्री जड जातात.

आणखी एक गोष्ट यंत्र निवडताना उपयोगी पडेल. मूल रडलं की ते जोराने हवा ओढतं, आत ओढ वाढते आणि छातीच्या बाहेरची ती मऊ नळी आतल्या बाजूला दबते. ओल्या कागदी स्ट्रॉमधून जोराने रस ओढला की स्ट्रॉ चिकटते, तसंच. म्हणजे क्रूपमध्ये मुलाला रडवणारी कुठलीही वस्तू, मग ती कितीही महाग असो, तेवढ्यापुरता आजार वाढवते. या परीक्षणात म्हणूनच आवाज आणि मास्क यांना आम्ही भरपूर वजन दिलं आहे.

आता वाफेचं भांडं. प्लॅस्टिकचं, वर नाकाडं, खाली पाणी तापवणारं. याला या कामासाठी शून्य गुण. वाफेचे थेंब मोठे असतात. ते नाका-तोंडातच निवतात. आणि ते स्वरयंत्रापर्यंत पोहोचले असते तरी दुखणं अस्तर सुजल्याचं आहे, कोरडं पडल्याचं नव्हे. दमट हवेची नीट परीक्षाही झालेली आहे. टोरांटोमध्ये १४० मुलांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन गट करून वेगवेगळ्या प्रमाणात दमट हवा दिली, अगदी शंभर टक्के आर्द्रतेची सुद्धा. गटागटांत फरक पडला नाही. पूर्वी इस्पितळांत मुलांना धुक्याच्या तंबूत ठेवायचे. ते तंबू गेले ते उगाच नाही. उलट बाजूला धोका खराच आहे. मांडीवर वळवळणारं मूल, पुढ्यात उकळतं पाणी आणि एक वायर. वाफाऱ्याने भाजलेली मुलं भाजलेल्यांच्या वॉर्डात नवी नाहीत. त्यात कुणी बाम किंवा कॅप्सूल टाकली तर आणखी वाईट. कापूर लहान मुलांना विषारी आहे, त्याने आकडी येऊ शकते. कापूर-मेन्थॉलचे बाम दोन वर्षांखाली वापरायचेच नसतात. भीमसेनी कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधणं याच सदरात येतं. ओव्याची किंवा वेखंडाची धुरी म्हणजे तर सुजलेल्या नळीत धूर सोडणं. आजीला हे समजावणं यंत्र निवडण्यापेक्षा अवघड आहे, कबूल.

‘पण आमच्या मुलाला वाफाऱ्याने बरं वाटलं’ असं पुष्कळ जण म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. आईच्या मांडीवर ताठ बसलं, कुणी छातीशी धरलं, रडणं थांबलं, की ओढ कमी होते आणि शिट्टी खाली येते. श्रेय मांडीचं असतं, बिल भांड्याचं फाडलं जातं.

ह्युमिडिफायरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजीत पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की भिंतींना बुरशी येते. तिथे आणखी धुकं कशाला? टाकी रोज घासली नाही तर तीही बुरशीचं घर होते. बोअरचं जड पाणी घातलं तर फर्निचरवर पांढरी पूड बसते, ती मूलही ओढतं.

थंड हवेची गोष्ट मात्र वेगळी. इस्पितळाकडे निघालेलं मूल गाडीच्या उघड्या खिडकीशी पोहोचेपर्यंत बरं दिसायला लागतं, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात ११८ मुलांवर ते तपासलं गेलं आणि २०२३ साली निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सगळ्यांनाच दिलं. निम्म्या मुलांना अर्धा तास बाहेर, १० अंशांखालच्या हवेत बसवलं. अर्ध्या तासाने बाहेर बसलेल्यांपैकी साधारण निम्म्यांत ठळक सुधारणा दिसली, आत बसलेल्यांपैकी पाव भागात. आपल्याकडे १० अंशांखाली पारा म्हणजे डिसेंबर-जानेवारीतलं निफाड किंवा गोंदिया. ठाण्यात ते जमणार नाही. एसीची खोली हा त्याला पर्याय आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण मूल घाबरलेलं असताना गच्चीत किंवा खिडकीशी, अंगावर शाल घालून नेण्यात गैर काही नाही, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता मूळ वस्तू. कॉम्प्रेसर नेब्युलायझर, कंपनी कुठलीही असो, आतून सारखाच. एक छोटा पिस्टन पंप हवा दाबतो, ती नळीतून औषधाच्या कपात येते, बारीक भोकातून जोराने सुटताना खालचं औषध वर ओढून घेते आणि मधल्या टोपीसारख्या तुकड्यावर आपटून त्याचं धुकं करते. मोठे थेंब परत खाली पडतात, बारीक वर जातात. खोक्यावर बहुतेकांच्या ‘३ मायक्रॉन’च्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा आकडा असतो आणि विक्रेता तो अभिमानाने दाखवतो. दम्यासाठी तो अभिमान रास्त आहे, कारण १ ते ५ मायक्रॉनचे थेंब फुप्फुसात खोलवर जातात. क्रूपमध्ये आपलं गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर आहे. ५ मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब घसा आणि स्वरयंत्राच्या भागात बसतात. त्यामुळे ‘आमचे थेंब अधिक बारीक’ म्हणून पाचशे रुपये जास्त मागितले, तर या कामासाठी ते द्यायचं कारण नाही.

खरा प्रश्न कपात काय जाणार हा आहे, आणि परीक्षणाचा निकाल तिथेच ठरतो.

घराघरांत फ्रीजच्या दारात मागच्या वेळच्या उरलेल्या रेस्प्यूल, म्हणजे नेब्युलायझरच्या औषधाच्या एका वेळच्या प्लॅस्टिकच्या कुप्या, असतात. बहुधा लेव्हसाल्ब्युटामॉल, किंवा त्यात इप्राट्रोपियम मिसळलेली ड्युओलिन. ही औषधं छातीतल्या बारीक श्वासनळ्यांभोवती आवळलेले स्नायू सैल करतात. क्रिकॉइडच्या बांगडीत सैल करण्याजोगा स्नायूच नाही. तिथे आहे ती सूज. त्यामुळे ही रेस्प्यूल दिल्याने शिट्टी जात नाही, उलट मुलाचं हृदय धडधडतं, हात थरथरतात, मूल चिडतं आणि त्याचा अर्धा तास जातो. घरी नेब्युलायझर असल्याचा सगळ्यात मोठा तोटा हाच: चुकीचं औषध हाताशी असतं आणि ‘आपण काहीतरी केलं’ या समाधानात निघायला उशीर होतो.

नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी, ३ मिलिलिटर घातलं तर अपाय नाही. सूजही उतरत नाही. वाफेच्या भांड्याचा महाग भाऊ.

ब्युडेसोनाइड चालतं. हे स्टेरॉइड आहे, सूज उतरवतं, आणि क्रूपसाठी त्याचा डोस एकदाच २ मिलिग्रॅम असा आहे. इथे पाकीट डोळे उघडून वाचायला लागतं. बाजारात ब्युडेकॉर्टच्या (हे ब्युडेसोनाइडचंच एक व्यापारी नाव) २ मिलिलिटरच्या रेस्प्यूल ०.५ मिलिग्रॅमच्याही मिळतात आणि १ मिलिग्रॅमच्याही. दम्याच्या मुलाला सकाळ-संध्याकाळ अर्ध्या मिलिग्रॅमची लिहून दिलेली असते, आणि क्रूपच्या रात्री तीच एक फोडली जाते. म्हणजे पाव डोस. अर्ध्या मिलिग्रॅमच्याच वापरून २ मिलिग्रॅम गाठायचे तर चार फोडाव्या लागतात, एकूण ८ मिलिलिटर. पुष्कळ घरगुती कपांची मर्यादाच ६ ते ८ मिलिलिटर असते. शिवाय ही यंत्रं मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर औषध उडवतात, म्हणजे वीस मिनिटांहून अधिक वेळ मूल मास्कखाली. शक्यच नाही. १ मिलिग्रॅमच्या दोन घेतल्या तर ४ मिलिलिटर, दहा-बारा मिनिटं. डॉक्टरांनी घरी देण्यासाठी लिहून दिलंच तर ताकद कुठली ते चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावं, आणि केमिस्टने ‘हीच आहे, चालेल’ म्हटलं तर चालवून घेऊ नये.

अ‍ॅड्रिनलिन हे क्रूपमधलं सगळ्यात वेगवान नेब्युलायझर-औषध. सुजलेल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि दहा ते तीस मिनिटांत शिट्टी उतरवतं. साध्या १:१००० ताकदीचं, वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिलिटर, जास्तीत जास्त ५ मिलिलिटर. १ मिलिलिटरच्या अँप्यूल असतात, म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी पाच. असर दोनेक तासांत ओसरतो आणि सूज तिथेच असेल तर शिट्टी परत येते; म्हणून औषधानंतर मुलाला दोन ते चार तास नजरेखाली ठेवतात. याला घरी जागा नाही. यंत्र तेच असलं तरी हे औषध देणाऱ्याच्या हाताशी ऑक्सिजन आणि श्वासनलिकेत नळी घालू शकणारं माणूस लागतं.

या सगळ्या धुक्याला मागे टाकणारी गोष्ट यंत्राविना मिळते. डेक्सामेथासोनचा तोंडाने एकच डोस, किलोमागे ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला दीड ते सहा मिलिग्रॅम. औषध सरकारी आवश्यक औषधांच्या यादीतलं, किंमत काही रुपये. तासा-दोन तासांत, कधी त्याआधीही, फरक दिसू लागतो आणि शरीरात ते दोनेक दिवस काम करत राहतं, म्हणजे नेमक्या त्या दोन जड रात्री. कॅनडात सौम्य क्रूपच्या ७२० मुलांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा डोस मिळालेल्यांपैकी ७.३ टक्के मुलांना आठवड्याभरात पुन्हा डॉक्टरकडे न्यावं लागलं. न मिळालेल्यांत हेच प्रमाण १५.३ टक्के. अडचण आपल्याकडच्या बाजाराची आहे. गोळी बहुतेक ठिकाणी ०.५ मिलिग्रॅमची, म्हणजे सहा मिलिग्रॅमला बारा गोळ्या कुटायच्या, आणि चव कडू. म्हणून बरेच बालरोगतज्ज्ञ ४ मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटरचं इंजेक्शनचं औषधच सिरिंजने मोजून गोड सरबतात पाजतात, किंवा मूल उलटी करत असेल तर मांडीत टोचतात. डोस वजनावर आणि श्वासाच्या त्रासावर डॉक्टर ठरवतात. घरच्या घरी गोळ्या मोजायच्या नाहीत. पण ‘स्टेरॉइड नको हो, नुसती मशीन लावा’ असं दवाखान्यात सांगणाऱ्या पालकांनी हे जाणून घ्यावं, की एका डोसाला घाबरून ते स्वस्त आणि खात्रीचं औषध नाकारून महाग आणि निरुपयोगी धुकं मागत असतात.

हे सगळं वाचूनही यंत्र घ्यायचंच असेल, कारण मुलाला दमाही आहे किंवा क्रूप वारंवार होतो आणि डॉक्टरांनी ब्युडेसोनाइड घरी ठेवायला सांगितलं आहे, तर तीन जातींमध्ये फरक करायला हवा.

अल्ट्रासॉनिक घेऊ नये. ब्युडेसोनाइड पाण्यात विरघळत नाही, ते तरंगती बारीक पूड असते. अल्ट्रासॉनिक यंत्र पाणी उडवतं आणि औषध बरंचसं कपात राहतं. मेश जातीचं, म्हणजे बारीक जाळीतून धुकं सोडणारं यंत्र मुठीत मावतं, आवाज जवळपास नाही, बॅटरीवर चालतं, झोपलेल्या मुलालाही देता येतं. क्रूपसाठी हे गुण सोन्यासारखे. पण त्याची जाळी केसाहून बारीक भोकांची. त्याच तरंगत्या पुडीने ती बुजते. प्रत्येक वापरानंतर लगेच साफ केली नाही तर दोन-तीन महिन्यांत धुकं विरळ होतं, आणि नवी जाळी यंत्राच्या किमतीच्या बऱ्यापैकी जवळ जाते. जाळीला बोट किंवा कापूस लावायचा नाही, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं आणि पहिल्याच आठवड्यात मोडलं जातं.

कॉम्प्रेसर दणकट. जमिनीवर पडला तरी बहुधा चालतो. पण ५५ ते ६५ डेसिबलचा घरघराट, रात्री दोन वाजता, घाबरलेल्या मुलाच्या कानाशी. लांब नळी असेल ते यंत्र घ्यावं आणि पंप पलंगाखाली घडी केलेल्या चादरीवर ठेवावा. नुसत्या फरशीवर ठेवला तर फरशीही वाजते. आजारी नसताना, दिवसा, बाहुलीला मास्क लावून मुलाला हा आवाज ओळखीचा करून ठेवला तर रात्रीचं रडणं बरंच कमी होतं. वीज गेली की हा बंद, हे ग्रामीण भागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मागच्या पट्टीवर ‘२० मिनिटं चालू, ४० मिनिटं बंद’ अशी काहीतरी सूचना असते, ती पाळावी. पंप तापला की हवेचा जोर पडतो.

मास्क म्हणजे या यंत्राचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. खोक्यात एक मोठ्यांचा, एक मुलांचा येतो, आणि मुलांचा म्हणजे पाच-सहा वर्षांच्या चेहऱ्याचा. वर्षाच्या बाळाला तो डोळ्यांपर्यंत जातो. बाळाचा मास्क वेगळा घ्यावा: नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खळीपर्यंत, कडा मऊ. रडतंय म्हणून मास्क तोंडापासून दोन सेंटिमीटर लांब धरून ‘फुंकर’ घातली, तर पोहोचणारं औषध निम्म्याहूनही खाली जातं. आणि मूल हातपाय झाडून विरोध करत असेल तर सरळ थांबावं. स्ट्रॉचं उदाहरण आठवा.

कपात औषध घालायच्या आधी रेस्प्यूल गोल गोल हलवावी, कारण पूड तळाशी बसते. कप शक्यतो उभा धरावा. तिरका झाला की औषध भोकाच्या खाली राहतं आणि यंत्र नुसतं सूं-सूं करतं. शेवटी फुर्र-फुर्र आवाज आला की झालं. अर्धा-एक मिलिलिटर उरतंच. ब्युडेसोनाइडनंतर मुलाचं तोंड आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर पुढे जिभेवर पांढरी बुरशी येते.

बिघडतं काय? धुकं येत नाही अशी तक्रार असेल तर आधी कपातला तो टोपीसारखा तुकडा जागेवर आहे का बघावं. नखाएवढा असतो आणि धुताना सिंकच्या जाळीतून जातो. त्याच्याशिवाय यंत्र व्यवस्थित आवाज करतं आणि एक थेंबही उडवत नाही, म्हणून लोक पंप दुरुस्तीला पाठवतात. दुसरं कारण, भोकात सुकलेलं औषध. यात टाचणी घालायची नाही. भोक मोठं झालं की थेंबही मोठे होतात. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, अर्धा तास भिजत, मग वाहतं पाणी. तिसरं, पंपाच्या बाजूची पांढरी गोल फिल्टरची टिकली. करडी झाली की बदलायची, दोन-तीन महिन्यांत होतेच. धुवून परत बसवली तर ओली टिकली हवा अडवते. बहुतेक कप पाच मिनिटं उकळता येतात, पीव्हीसीचा मास्क मात्र उकळला की वाकडा होतो, तो साबणाच्या पाण्यानेच धुवावा. नळी आतून धुवायची नाही. आत दव दिसलं तर नुसती नळी जोडून यंत्र दोन मिनिटं चालवायचं. आणि कप शेजाऱ्यांना उसना द्यायचा नाही. यंत्र द्यावं, कप-मास्क नाही. विषाणू तिथूनच इमारतभर फिरतो.

नेब्युलायझरसोबत दुकानात हमखास दोन गोष्टी पुढे केल्या जातात. एक, खोकल्याचं सिरप. क्रूपच्या सुजेवर कुठलंही सिरप चालत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायला लावलं. २०२५ च्या शरदात छिंदवाड्याची मुलं डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली, त्यांतली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत, असं बजावलं. अँटिबायोटिकचीही इथे गरज नाही; आजार विषाणूचा आहे.

दुसरी, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. बाळाच्या बोटावर मोठ्यांचा चिमटा नीट बसत नाही आणि आकडा उड्या मारतो. त्याहून वाईट म्हणजे तो नीट बसला तरी फसवतो. क्रूपमध्ये फुप्फुसं चांगली असतात, अडथळा वर असतो. मूल दमेपर्यंत जोर लावून ऑक्सिजन टिकवून धरतं. पडद्यावर ९७ आणि गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत जातेय, हे चित्र नेहमीचं आहे. खळी खरी.

यंत्र न लावता सरळ निघायची वेळ कुठली, हे खोक्यावर कुणी छापत नाही. मूल शांत बसलेलं असतानाही शिट्टी ऐकू येत असेल, गळ्याखालची खळी किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, पाणी पीत नसेल, ओठ निळसर किंवा चेहरा पांढराफटक पडला असेल, किंवा मगाशी रडणारं मूल आता सुस्त पडलं असेल, तर १०८ लावावा. शिट्टी अचानक बारीक झाली आणि मूलही गळून गेलं, तर ती सुधारणा समजू नये. हवाच कमी जात आहे. खूप ताप, लाळ गळतेय, गिळता येत नाही, पुढे वाकून बसलंय आणि खोकला जवळपास नाही, हे क्रूपचं चित्र नाही. ते घशाच्या झाकणीच्या सुजेचं असू शकतं; अशा मुलाच्या तोंडात चमचा घालून घसा बघायचा नाही, झोपवायचं नाही, बसल्या स्थितीत न्यायचं. खेळता खेळता अचानक सुरू झालं असेल तर शेंगदाणा, चणा, खेळण्याचा तुकडा आठवावा. लसी राहिल्या असतील तर घटसर्पही यादीत येतो. त्याची आणि झाकणी सुजवणाऱ्या हिब जंतूची लस ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलेंटमध्येच असते. आणि उबळीवर उबळ येऊन शेवटी ‘हूप’ असा श्वास ओढला जातो तो डांग्या खोकला, तो वेगळा आजार. क्रूप वर्षातून तीन-चारदा होत असेल किंवा मूल सहा महिन्यांचं व्हायच्या आत झाला असेल, तर यंत्राचे पैसे बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना श्वासनलिका दाखवावी. ती जन्मतःच अरुंद असू शकते.

गुण द्यायचे तर कॉम्प्रेसर नेब्युलायझरला क्रूपसाठी दहापैकी तीन, तेही १ मिलिग्रॅमचं ब्युडेसोनाइड डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच, नाहीतर एक. बाळदम्यासाठी सात-आठ. घेणारच असाल तर दुकानात यंत्र लावून, कपात पाणी घालून धुकं बघून घ्या, पंप हातात धरून कंप किती आहे ते बघा, आणि त्याच कंपनीचा सुटा कप, बाळाचा मास्क आणि फिल्टरच्या टिकल्या तिथे मिळतात का ते विचारा. ऑनलाइन सवलतीत घेतलेल्या यंत्राचा कप वर्षाने तडकतो आणि त्या मापाचा सुटा कप मिळत नाही, म्हणून चालता पंप माळ्यावर जातो. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटी सहसा पंपाचीच असते, कप-मास्कची नाही.